मदत हवी आहे: एआय सहाय्यकाच्या चुकांमधून मिळालेले धडे कसे लिहून ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे जण एका लहान कारखान्यासाठी जँगोमध्ये (पायथॉन भाषेतला वेब फ्रेमवर्क) बिलिंगची प्रणाली लिहीत आहोत आणि बराचसा कोड एआय सहाय्यकाकडून लिहून घेतो. नवे सत्र उघडले की त्याला कालचे काहीच आठवत नाही, म्हणून झालेली चूक आम्ही प्रकल्पातल्या एका मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये टिपतो आणि ती फाइल तो प्रत्येक सत्राच्या आरंभी वाचतो. माझी अडचण या फाइलचीच आहे.

बिलाची तारीख काढताना सहाय्यकाने यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) आजची तारीख घेतली होती. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत निघालेल्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती, आणि आम्ही तपासणी दिवसा करत असल्याने ते कोणाच्याच लक्षात आले नाही. १ एप्रिलला पहाटे तीनला माल गाडीत चढला, बिलावर ३१ मार्च छापले गेले आणि ते मागच्या आर्थिक वर्षाच्या क्रमांकांत जाऊन बसले, तेव्हा कारखान्याच्या सीएंनी ते पकडले.

दुरुस्ती झाल्यावर धडाही मी सहाय्यकालाच लिहायला सांगितला (घाईत होतो, हे कबूल). त्याने लिहिले, ‘नेहमी स्थानिक वेळ वापरावी.’ पुढच्या आठवड्यात त्याच ओळीला जागून त्याने डेटाबेसमध्ये साठवायच्या वेळाही भारतीय करून टाकल्या, आणि जुन्या व नव्या नोंदींत साडेपाच तासांची तफावत पडली. पहिल्या चुकीपेक्षा हे निस्तरायला अधिक वेळ लागला.

आता ती ओळ मी स्वतः अशी लिहिली आहे: ‘वेळ यूटीसीतच साठवावी, बिलाची तारीख मात्र भारतीय वेळेनुसार काढावी, कारण आर्थिक वर्ष तिच्यावरून ठरते.’ शिवाय १ एप्रिलच्या पहाटेची तारीख बरोबर निघते का हे आपोआप तपासणारी एक चाचणीही कोडला जोडली आहे.

माझा प्रश्न असा की, चाचणी लिहिल्यानंतर ती ओळ फाइलमध्ये ठेवावी की काढून टाकावी? फाइल दोनशे ओळींच्या पुढे गेली आहे आणि मधल्या सूचना सहाय्यक सर्रास डावलतो, असे मला दिसते. आपण अशा फाइलची छाटणी कधी व कोणत्या निकषावर करता, आणि धडा सहाय्यकाने लिहिला तर तो कोण तपासतो? आमच्या चाचण्या पायटेस्टमध्ये (पायथॉनचे चाचणी-साधन) आहेत. फाइलचा नमुना पाहायचा असल्यास इथेच देईन.