झायलाझिन हे गुंगीचं औषध दिल्यावर बोक्याच्या डोळ्याची बाहुली मोठी का होते?

तालुक्याचा डॉक्टर:
काल एक भांडखोर बोका आला, गालावर लिंबाएवढं गळू. पिशवीतून बाहेर काढायची सोय नव्हती, म्हणून पिशवीवरूनच मांडीत नुसतं झायलाझिन टोचलं. केटामाइन हे भुलीचं औषध अजून सिरिंजमध्ये भरलंही नव्हतं. पठ्ठ्या नेहमीप्रमाणे आधी ओकला, मग आडवा झाला. गळू फोडताना डोळ्याकडे लक्ष गेलं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट तोंडावर. एरवी बाहुलीची नुसती रेघ उरली असती. इथे बुबुळाची जेमतेम कड दिसत होती, बाकी सगळं काळंभोर. शेवटी गुंगी उतरवायला योहिम्बिन दिलं आणि बाहुली पुन्हा बारीक झाली.

माझं घोडं इथेच अडलंय. झायलाझिन अल्फा-२ रिसेप्टर (पेशीवरची औषध चिकटायची जागा) चालू करतं, म्हणजे सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला सावध करणाऱ्या, चेतांच्या टोकांतून निरोप नेणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन कमी सुटणार. बाहुली मोठी करणारा स्नायू तर त्याच चेतांवर चालतो. मग ती बारीक व्हायला नको? आणि रिसेप्टर अडवणाऱ्या योहिम्बिननं उलट मोठी व्हायला हवी!

निवृत्त मास्तर:
हिशेब बरोबर आहे रे, चेता चुकीची धरलीस. बाहुली बारीक करणाऱ्या स्नायूला मेंदूकडून तिसऱ्या चेतेवाटे पॅरासिम्पथेटिक (सिम्पथेटिकच्या उलट काम करणारा) हुकूम सतत येत असतो. झायलाझिन मेंदूत जाऊन तो हुकूमच दाबतं. योहिम्बिन हा दाब काढतं, एवढंच. याच जातीच्या क्लोनिडिन या औषधावर मांजरांत प्रयोग झालेत: मानेतली सिम्पथेटिक चेता कापली तरी बाहुली मोठी होतेच.

तू म्हणतोस तो मार्ग पाहायचा तर मानेतल्या चेतेला विजेनं उत्तेजन द्यावं लागतं. तेव्हा फुगणारी बाहुली फिनॉक्सिबेन्झामीन या अल्फा रिसेप्टर अडवणाऱ्या औषधानं दबते. मानेतल्या चेतेचं डोळ्याशी नातं आहे हे पेटिट या फ्रेंच डॉक्टरानं १७२७ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं होतं. आमच्या वेळी तोंडी परीक्षेत यावर हमखास विकेट पडायची.

आणि डोळ्यात मलम घातलं होतंस का? झायलाझिनखाली मांजर डोळे उघडेच ठेवतं, ते कोरडे पडतात.

पोपटवाली:
थोडं विषयांतर. पक्ष्यांकडे हे गणित लावायला जाऊ नका. त्यांच्या बुबुळात मुख्यतः पट्टेरी स्नायू असतो, हातापायांत असतो तसा. मी नवखी असताना पोपटाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारं अ‍ॅट्रोपिन घालून घड्याळ बघत बसले होते. काही म्हणता काही झालं नाही. तिथे क्युरारेच्या जातीची, असे स्नायू लुळे करणारी, रोक्युरोनियमसारखी औषधं लागतात.

मोतीबिंदूवाल्यांचा मुलगा:
मी डॉक्टर नाही. बाबांच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, असं विचारलं होतं. ते हेच का?

निवृत्त मास्तर:
हेच. टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटची गोळी बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरचे अल्फा-१ रिसेप्टर अडवते; बुबुळ लुळं पडतं, बाहुली नीट उघडत नाही. २००५ पासून डोळ्याचे सर्जन याबाबत सावध झाले.

तालुक्याचा डॉक्टर:
सर, मलम राहिलं होतं, कबूल. बोका आज ड्रेसिंगला आलाय, पिशवीतूनच गुरगुरतोय. गालाआधी डोळे बघतो.