जोकास्टाचं गप्प राहणं

‘प्रेक्षकापासून रहस्य लपवलं की ताण आपोआप येतो’ हे म्हणणं रहस्यनाट्याला लागू पडेल, पण सोफोक्लिसच्या ‘राजा इडिपस’ या प्राचीन ग्रीक नाटकाच्या बाबतीत नाही पटत. इडिपस नकळत बापाला मारतो आणि आईशी, म्हणजे जोकास्टाशी, लग्न करतो, ही कथा अथेन्सच्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. सोफोक्लिसने ताण उभा केला तो कोणाला कधी कळतं यातून. आपल्या हातून असं घडेल या भाकिताची इडिपसला भीती असते. तो जिथे वाढला त्या कोरिंथचा निरोप्या येतो तो ही भीती घालवायला, आणि ‘तुला वाढवलं ते तुझे खरे आईबाप नव्हेतच’ असं सांगून होत्याचं नव्हतं करून बसतो. (ॲरिस्टॉटलने कलाटणीचं उदाहरण म्हणून हाच प्रसंग दिलाय.) पण माझं लक्ष जातं जोकास्टाकडे. निरोप्या आणि इडिपस यांची सवाल-जवाबाची फैर चालू असताना ती साठेक ओळी रंगमंचावर नुसती उभी आहे. तिला सगळं उमगलंय, त्याला नाही. आम्ही एकदा हे नाटक वाचायला बसलो होतो, तेव्हा जोकास्टा वाचणारी मुलगी या जागी पुस्तक मिटून बसली, आणि आमचे सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच.

आणखी एक गंमत. तेव्हा ग्रीक नाटकात बोलणारे नट तीनच असत. पुढच्या प्रवेशात इडिपस, निरोप्या आणि इडिपसच्या जन्माचं गुपित ठाऊक असलेला म्हातारा मेंढपाळ एकत्र येतात, म्हणजे मेंढपाळ करायला उरतो तो जोकास्टा करणारा नटच! जिने ‘आता शोध थांबव’ म्हणून विनवण्या केल्या, तिचाच नट मुखवटा बदलून परत येतो आणि ‘मला विचारू नका’ म्हणत शेवटी सगळं ओकतो.