‘सरोगेट’ घोडीला मराठीत काय म्हणावं?

पानफूल: घोडे आणि गाढवांच्या साहाय्यित प्रजननावरचा एक लेख मराठीत आणतेय. अडलेय ती इथे: एका घोडीच्या गर्भाशयातून सात-आठ दिवसांचा भ्रूण धुऊन काढतात, दुसरीच्या गर्भाशयात सोडतात आणि शिंगरू व्यायचं काम ती दुसरी करते. शब्दाला शब्द ठेवला तर पहिली ‘दाता’, दुसरी ‘ग्राहक’. ‘ग्राहक घोडी’ लिहिलं आणि ती पिशवी घेऊन रांगेत उभी दिसायला लागली. ‘भाडोत्री आई’ तर नकोच वाटतं.

टाचणी: आधी शाबासकी, ‘साहाय्यित’ बरोबर लिहिलंत. लोक सर्रास ‘सहाय्यक’ लिहितात. ‘साहाय्य’ आणि ‘सहायक’ यांची ती खिचडी आहे. पहिली घोडी ‘दाता’ नाही, ‘दात्री’. आणि भाडोत्री कशी? भाडं मिळालंच तर मालकाला, घोडीला नाही. ‘धात्री’ चालेल का? सांभाळणारी, पाजणारी. दात्री-धात्री, जोडीही जमते.

पानफूल: जमते म्हणूनच भीती. मुद्रितशोधकाने एक ‘ध’ सुधारला की शिंगराची आईच बदलायची!

खोगीर: मी पशुवैद्य आहे. आम्ही सरळ ‘डोनर’ आणि ‘रेसिपियंट’ म्हणतो, त्यामुळे त्यात माझी मदत नाही. माझी तक्रार दुसऱ्या शब्दाची आहे: ‘कृत्रिम गर्भधारणा’. तो कृपा करून टाळा. कृत्रिम असतं ते रेतन. घोड्याचं वीर्य नळीने आत सोडलं, की पुढचं सगळं घोडीच्या अंगात नेहमीसारखंच होतं. ‘टेस्ट ट्यूब शिंगरू’ही जपून. फ्रान्समध्ये 1990 साली तसं एक जन्मलं, पण घोड्याचे शुक्राणू बशीत बीजांडाचं कवच भेदायला राजीच नसतात. म्हणून पुढे अनेक वर्षं भर राहिला तो बारीक सुईने एकच शुक्राणू बीजांडात टोचण्यावर. त्यातून पहिलं शिंगरू 1996 मध्ये झालं. याला ‘बाह्य फलन’ म्हणालात, तर सुई कुठे गेली?

टाचणी: आणि ‘भ्रूणरोपण’?

खोगीर: इतर जनावरांचं बाजूला ठेवू, पण घोडीच्या बाबतीत तर हा शब्द फारच घाई करतो. तिचा भ्रूण सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयात इकडून तिकडे फिरत असतो. त्या फेऱ्यांमुळेच घोडीच्या शरीराला कळतं की आत कुणीतरी आहे. मग तो एका जागी थांबतो, आणि भिंतीत खरं मूळ धरायला पाच आठवडे उलटून जातात. आपण फक्त जागा बदलतो, रोवत काही नाही.

जुनी वही: यासाठी आपल्याकडे शब्द आहे की! देवकीचा सातवा गर्भ काढून रोहिणीच्या उदरात नेला, ते गर्भसंकर्षण. त्यावरूनच बलरामाला ‘संकर्षण’ नाव पडलं. आणि गंमत बघा, त्याला ‘रौहिणेय’ म्हणतात. ज्या आईच्या पोटी वाढला, तिच्या नावाने.

टाचणी: सुंदर, पण तांत्रिक लेखात ‘गर्भसंकर्षण’ आलं की वाचक हात जोडून बसेल. ‘भ्रूणांतरण’ साधं आहे.

खोगीर: ‘आई’ कोण, हा घोळ मात्र कुठल्याच शब्दाने सुटत नाही. इटलीत 2003 च्या मे महिन्यात प्रोमेतेआ नावाची हाफलिंगर जातीची क्लोन घोडी जन्मली. जिच्या पेशीपासून ती बनली, तिच्याच पोटी ती वाढली. म्हणजे पेशी देणारीही तीच आणि व्यालेलीही तीच. आणि जनुकांनी पाहिलं तर मायलेकी जुळ्या बहिणी. त्याच महिन्यात, थोडं आधी, अमेरिकेत आयडाहो जेम हे खेचर क्लोन करून जन्माला आलं होतं. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. हा जीव एरवी वांझच, पण त्याची हुबेहूब नक्कल निघाली, तीही घोडीच्या पोटातून.

जुनी वही: ‘खेचर’चा संस्कृत अर्थ आकाशात फिरणारा. आपल्या खेचराशी संबंध नाही, पण वाचताना दरवेळी पंख दिसतात. संस्कृतात खेचर म्हणजे ‘अश्वतर’.

पानफूल: गाढव नर आणि घोडी यांचं ते खेचर. आणि घोडा व गाढवीण यांचं? लेखात दोन्ही आहेत.

खोगीर: बोलताना दोन्ही खेचरंच. ‘घोडा बाप असलेलं खेचर’ असं एकदा फोडून सांगा आणि पुढे चला. भ्रूणांतरणातही घोडा आणि गाढव यांत फरक पडतो. घोड्याचा भ्रूण गाढविणीत बऱ्याचदा तग धरतो. गाढवाचा घोडीत सोडला तर बहुतेक वेळा तिसऱ्या महिन्याच्या आसपास गर्भ पडतो.

पानफूल: मग ‘दात्री घोडी’, ‘धारक घोडी’ आणि ‘भ्रूणांतरण’ ठरवते. पहिलं वाक्य बघा: “धारक घोडी पहिल्या खेपेस उलटली, दुसऱ्या खेपेस गर्भवती राहिली.”

टाचणी: गर्भवती बाई असते. घोडी गाभण.

खोगीर: आणि ‘उलटली’ म्हणजे गर्भ न ठरता पुन्हा माजावर आली, हे गोठ्यात वावरलेल्यालाच कळेल. बाकीच्यांना वाटेल, बिचारी टांग्यासकट उलटली.