डेडलिफ्टसाठी चारच आठवडे उरलेत, मदत हवी आहे

नमस्कार. जिल्हा पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत ६३ किलो गटातली एक मुलगी ऐनवेळी गळाली आणि तिच्या जागी माझं नाव लागलं. हाताशी चार आठवडे आहेत. पहिलीच स्पर्धा आहे आणि मला ती मनापासून करायची आहे.

तीन प्रकारांपैकी स्क्वॉट, बेंचचं मी बघून घेईन. अडतंय ते डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलून ताठ उभं राहण्याला. १०५ किलोचे तीन रेप्स (सलग तीन उचल) निघतात, पण स्ट्रॅप लावून, म्हणजे मनगटाचा पट्टा बारला गुंडाळून. स्ट्रॅप काढला की शंभराच्या पुढे बार बोटांतून सुटतो. त्यात आमच्या जिममधल्या वीसच्या प्लेट्स आकाराने लहान, त्यामुळे बार फार खाली बसतो. सर म्हणतात, दर तीन दिवसांनी जड मार. पण दुसऱ्याच दिवशी कंबर धरते. हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरायची पकड) शिकू का? शेवटचं जड कधी मारू? आणि पहिला अटेम्प्ट (पहिल्या प्रयत्नाचं वजन) किती सांगू?

प्रतिसाद १

ताई, चार आठवड्यांत ताकद फारशी वाढणार नाही. आहे ती प्लॅटफॉर्मवर पुरती निघावी, एवढंच बघा. तुमच्या बाबतीत त्यातच बरेच किलो अडकलेत.

हुक ग्रिप आत्ता नको. अंगठ्याला सवय होईपर्यंत स्पर्धा येऊन ठेपेल. मिक्स ग्रिप घ्या, एक तळवा आपल्याकडे, एक बाहेर. बाहेर वळलेल्या हाताचा कोपर अजिबात वाकवू नका, बायसेप्स फाटतो तो तिथेच. स्ट्रॅप आजपासून बंद. प्रत्येक सेटचा शेवटचा रेप वर धरून पाच-सहा सेकंद थांबा. हाताला चॉकची (खडूची) पूड लावल्यावर जिमवाले फरशीसाठी कुरकुरत असतील तर लिक्विड, म्हणजे पातळ चॉक वापरा.

स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. प्लेट्सखाली रबरी मॅट टाका आणि टेप लावून तेवढी उंची मोजा. खालून ओढायची सवय वाया जात नाही, पण कंबर किती खाली न्यायची हा अंदाज बदलतो. म्हणून आता खऱ्या उंचीवरच ओढा, प्रत्येक रेप जमिनीवर पूर्ण थांबवून.

जड डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, तेही स्क्वॉट-बेंच झाल्यावर. स्पर्धेतही ते शेवटीच येतं, तेव्हा पाय आणि पाठ दोन्ही दमलेले असतात. शेवटचं जड सिंगल (एकच रेप) दहा-बारा दिवस आधी, शेवटचे चार-पाच दिवस डेडलिफ्ट नाहीच. सरांना हे नीट समजावून सांगा, कंबर धरते हेही सांगा.

पहिला अटेम्प्ट ९५. दमलेल्या अंगाने, स्ट्रॅपशिवाय तीन रेप्स निघतील असंच वजन पहिल्याला असावं. तो फेल गेला तर पुढच्याला वजन कमी करता येत नाही, आणि तिन्ही फेल गेले तर स्क्वॉट-बेंच कितीही छान झालेलं असो, टोटल (तिन्ही प्रकारांची बेरीज) धरली जात नाही. दुसरा १०५. तिसरा दुसऱ्याचा वेग बघून. पण दुसरा संपल्यावर एका मिनिटात आकडा द्यावा लागतो, तेव्हा दोन पर्याय आधीच ठरवून ठेवा.

प्रतिसाद २

अगं, वर सगळं बरोबर सांगितलंय, पण पंचांचं राहिलं. डेडलिफ्टला सुरुवातीची कमांड नसते, फक्त 'डाऊन' असते. गुडघे ताठ, खांदे मागे, आणि ती येईपर्यंत हलायचं नाही. वर जाताना बार जरा जरी खाली आला किंवा मांडीवर टेकवून वर ढकललास, तर लिफ्ट गेली. खाली ठेवतानाही दोन्ही हातांनी धरून. जिममध्ये कुणाला तरी समोर उभं करून 'डाऊन' म्हणायला लाव, मुद्दाम उशीर करून.

लांब मोजे सक्तीचे आहेत, नडगी झाकणारे. नी-स्लीव्ह (गुडघ्यावरची घट्ट पट्टी) घालणार असशील तर मोजे तिला टेकता कामा नयेत. मांडीला टाल्कम पावडर चालते, तेल-क्रीम नाही. पावडर मैत्रिणीकडून लावून घे, तुझ्या हाताला लागली तर बार निसटेल.

मूळ प्रश्न विचारणारी

खूप खूप आभार दोघांचे. आज मॅट टाकून उंची मोजली, दोन मॅट लागल्या. मिक्स ग्रिपमध्ये उजवा हात बाहेर ठेवला तर पकड घट्ट बसते, पण अंग किंचित वळतंय. हात बदलून बघू की हेच पक्कं करू?

प्रतिसाद १

ज्या बाजूने घट्ट बसते तीच ठेवा, आता बदलू नका. वॉर्म-अपचे हलके सेट मात्र दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून करा. आणि मागून एक व्हिडिओ काढून इथे टाका. बार एका बाजूला आधी उचलला जातोय का, ते बघून सांगतो.