पाटीवर काय कोरायचं : 'यांच्या' की 'हिच्या'?

चाळीतला शेजारी : आमच्या मजल्यावरच्या जोडप्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. अकरा वर्षांची होती. येत्या वाढदिवसाला ते तिच्या शाळेत पाण्याचा कूलर बसवतायत, वर छोटी संगमरवरी पाटी. कोरणाऱ्यानं नमुना दिला : 'कै. कु. (नाव) यांच्या स्मृतीप्रित्यर्थ'. बाप काही बोलला नाही. आई म्हणाली, "यांच्या? माझ्या पोरीला अहोजाहो कधीपासून?" मी जरा वाचणारा, म्हणून कागद माझ्याकडे आला. तिचं म्हणणं पटतंय, पण व्याकरणात बसतं का? आणि 'कै.' हवंच का?

प्रूफवाला : आधी शुद्धलेखन, दगडावर खाडाखोड होत नाही. स्मृति, प्रीति आणि अर्थ मिळून 'स्मृतिप्रीत्यर्थ'. 'ति' ऱ्हस्व, 'प्री' दीर्घ. नमुन्यात दोन्ही उलटे आहेत. पण मी तो शब्दच काढीन. प्रीत्यर्थ म्हणजे कुणी संतुष्ट व्हावं म्हणून. पूजेच्या संकल्पात 'परमेश्वरप्रीत्यर्थ' येतं ते हेच. 'स्मरणार्थ' पुरे.

'यांच्या'बद्दल आईचंच खरं. माणूस गेला की मराठीत त्याला बढती मिळते. काल 'बाळ्या' होता तो आज 'कै. बाळकृष्णपंत यांच्या'. मोठ्यांना ते शोभतं. मुलीला 'हिच्या' लिहिण्यात व्याकरणाची काहीच आडकाठी नाही, आडकाठी फक्त छापखान्याच्या सवयीची.

परळची मावशी : कै. म्हणजे कैलासवासी. वारकऱ्यांत वै. लिहितात, वैकुंठवासी. हल्ली हिंदीच्या संगतीनं स्व. पण बोकाळलाय. लिहावंच लागतं असा नियम नाही, वाचणाऱ्याला 'स्मरणार्थ'मधूनच कळतं.

खरी बोच 'चि.' जाण्याची असते. माझा धाकटा भाऊ लहानपणी गेला. वडील गावी पत्र लिहिताना शेवटी आम्हा सगळ्यांची नावं घालत, प्रत्येकामागे चि. तो गेल्यावरच्या पहिल्या पत्रात त्यांनी कुणाच्याच नावामागे चि. लावला नाही. पुढेही कधी नाही. माझ्या लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. छापलं ते मामानं.

नवशिका : नवरा गेला तर विधवा, बायको गेली तर विधुर, आईबाप गेले तर पोरका. मूल गेलेल्या आईबापाला मराठीत शब्द नाही का?

प्रूफवाला : आहे, मृतवत्सा. वत्स म्हणजे वासरू, आणि मूलही. पण तो फक्त बाईला, आणि जुन्या वैद्यकात तो तिचा दोष म्हणून येतो, ज्यावर उपाय करायचा. वापरातून गेला ते बरंच झालं. बापाला तर तेवढंही नाही. 'पुत्रशोक' आहे, पण ते दुःखाचं नाव, माणसाचं नव्हे; श्रावणाच्या आईबापानं दशरथाला शाप दिला तो त्याचा. मुलीसाठी 'कन्याशोक' कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. 'निपुत्रिक' चुकूनही वापरू नका, त्याचा अर्थ वेगळा आहे आणि टोचतो.

फोर्टमधला निवृत्त कारकून : थोडं विषयांतर, पण पाण्यावरून आठवलं. फोर्टात मिंट रोडवर रतनसी मुळजी जेठा यांचं दगडी कारंजं आहे, 1894 चं. कापसाच्या या व्यापाऱ्यानं एकुलता मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेल्यावर त्याच्या आठवणीत ते बांधलं. घुमटीवर मुलाचाच पुतळा आहे, हातात पुस्तक. वीस-बावीस वर्षं त्याच्याखालून जेवणाचा डबा घेऊन गेलो, आणि वर मुलगा वाचत बसलाय हे कळलं निवृत्त झाल्यावर. सगळ्या मुंबईला ठाऊक असलेला राजाबाई टॉवर मुलानं, प्रेमचंद रायचंदांनी, आईच्या नावानं बांधला. तो उलटा, म्हणजे खरं तर सुलटा क्रम. रतनसींनी मुलाला पदवी लावली नाही, पुस्तक दिलं.

परळची मावशी : असल्या कारंज्यांना मुंबईत प्याऊ म्हणतात, आपला शब्द पाणपोई. त्यातली 'पोई' संस्कृत 'प्रपा'वरून आलेली.

आणि एक. मराठीत 'नावानं पाणी सोडणं' म्हणजे आशा सोडणं, तिलांजली देणं. हे दोघं तिच्या नावानं पाणी ठेवतायत. म्हणून मी 'स्मरणार्थ'सुद्धा काढीन. 'हिच्या नावानं' लिहा.

प्रूफवाला : पाटीवर 'नावाने' हवं. 'नावानं' बोलीतलं.

परळची मावशी : आई काय म्हणते ते विचारा, मग मात्रा द्या नाहीतर अनुस्वार.

चाळीतला शेजारी : काल दोघांना सगळं वाचून दाखवलं. चि.चा भाग गाळणार होतो, पण वाचला. बाप उठून गॅलरीत गेला. परत आल्यावर म्हणाला, "कै. नको. कु. पण नको, तिला कुमारी कोण म्हणायचं?" शेवटी ठरलं ते असं : वर तिचं घरातलं नाव, खाली 'हिच्या नावानं पाणी', त्याखाली 'आई-बाबा'. अनुस्वार ठेवलाय, प्रूफवाल्यांनी माफ करावं. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. त्यानं मोजून विचारलं, आडनाव राहिलं का? आई म्हणाली, वर्गातल्या पोरांना माहितीये.

फोर्टमधला निवृत्त कारकून : उत्तम. पेला स्टीलचा घ्या आणि साखळीनं बांधा. शाळेत आठवडाभर टिकत नाही.