पॉड किटचा एअरफ्लो कितीवर ठेवायचा? उघडला तर फुळकवणी, बंद केला तर गुळगुळ

लेस्टरचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात लेस्टरला असतो, वय ३८, चौदा-पंधरा वर्षं सिगारेट ओढली, रोजचं एक पाकीट, ती सुटावी म्हणून वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलोय. "मुळात ओढतोसच कशाला" हे बायको रोज विचारते, तेवढं इथं नका विचारू प्लीज. आधी वापरून फेकायचे डिस्पोजेबल वेप वापरायचो, त्यात डोकं लावायला लागायचं नाही, पण १ जून २०२५ पासून त्यांची विक्री इकडं बंद झाली, मग भरायचं पॉड किट घेतलं. २ मिलीचा पॉड (लिक्विडची छोटी टाकी), ०.८ ओमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार), लिक्विड ५०-५० वालं, म्हणजे अर्धं प्रोपिलीन ग्लायकॉल अर्धं ग्लिसरीन, त्यात निक सॉल्ट (क्षाराच्या रूपातलं निकोटिन), मिलीला २० मिलीग्रॅम. बटण नाही, ओढलं की आपोआप चालू होतं.

तर बाजूला एअरफ्लोची बारकी सरकपट्टी आहे आणि तिनं माझा जीव खाल्लाय. पूर्ण उघडली की नुसती हवा, वाफ गार, चव पाणी वाढवलेल्या आमटीसारखी आणि घशाला काही लागतच नाही. पूर्ण बंद केली की गाल आत जाईपर्यंत ओढायला लागतं, दोन दिवसांत आतून हुक्क्यासारखी गुळगुळ सुरू होते आणि मग जिभेवर गरम कडू थेंब उडतो. मधोमध ठेवली तर घरी मस्त चालतं, पण कामावर ब्रेकमध्ये बाहेर उभं राहून ओढलं की गच्च, कधी कधी तर लाईटच लागत नाही. पट्टी जागची हललेली नसते हो! तीन कॉइल बदलून झाल्या. दुकानातला म्हणाला ०.४ ची कॉइल टाक आणि पट्टी सताड उघडी ठेव, तेही केलं, चार झुरक्यांत गरगरायला लागलं, उचकी लागली ती वेगळीच, बाकावर बसून राहिलो. गेल्या आठवड्यात वैतागून पेट्रोल पंपावरून सिगारेटचं पाकीट घेतलं, दोन ओढल्या, बाकीचं गाडीच्या डिकीत आहे. म्हणून म्हटलं आता विचारावंच.

वाफाळता_चहा

आधी ती ०.४ काढा बघू. ती कॉइल हवा मोकळी सोडून थेट छातीत ओढायची, वाफ भसाभस येते, त्यात लोक ३ नाहीतर ६ मिलीग्रॅम वापरतात. तुम्ही २० घातलंत, गरगरणारच.

गुळगुळीचं असं आहे, कॉइलमधे कापूस असतो, बाजूच्या भोकांतून लिक्विड त्यात झिरपतं. तुम्ही हवेची वाट बंद करून जोरात ओढता तेव्हा हवा पुरेशी येत नाही, मग ती ओढ लिक्विडवर पडते, कापसाला पेलवत नाही एवढं आत येतं, कॉइलला तेवढ्याची वाफ करता येत नाही आणि उरलेलं तळाशी साचतं. पुढच्या झुरक्याला तेच उकळून तोंडात उडतं. उघडी ठेवली की उलटं, वाफ तेवढीच पण तिच्यात हवा जास्त मिसळते, कॉइलही गार पडते, म्हणून फुळकवणी लागतं. किट बिघडलेलं नाहीये तुमचं.

०.८ परत घाला. पट्टी बंदपासून सुरू करा आणि जरा जरा उघडत जा, गाल आत जायचे थांबले की तिथंच थांबा. हळू ओढायचं, तीनेक सेकंद, आधी तोंडात धरायचं मग आत, सिगारेटसारखंच. नवीन कॉइल भरली की दहा मिनिटं तशीच ठेवायची, नाहीतर कोरडा कापूस जळतो आणि ती चव त्या कॉइलमधून काही केल्या जात नाही. आत्ता साचलंय ते काढायला पॉड बाहेर काढून टिश्यूची वात करा, मधल्या नळीत फिरवा, खालूनही पुसून घ्या.

नागपुरी_संत्रं

चहाभाऊंनी लिहिलं ते बरोबर, पण घरी चालतं अन् कामावर गच्च होतं हे त्यात बसत नाही ना. भाऊ, तुम्ही पकडता कसं ते सांगा. हवा आत जायचं भोक नेमकं कुठं आहे? अन् खिसा कोणता?

लेस्टरचा_पाहुणा

अरे देवा. आत्ता हातात धरून बघितलं. भोक पट्टीच्या शेजारीच आहे, उजव्या हातात धरलं की अंगठा बरोबर त्याच्यावर बसतो. घरी उजव्या हातात चहाचा मग असतो म्हणून डाव्या हातानं ओढतो, आणि कामावर वर जाड हातमोजा, त्यामुळे कळतही नव्हतं. शिवाय भोकात खिशातल्या फ्लीसचा निळा बोळा निघाला, जुन्या टूथब्रशनं साफ केला.

नागपुरी_संत्रं

मग लाईट न लागायचं कारण पण तेच. हवा आत ओढली गेली की सेन्सरला कळतं, वाटच बंद तर त्याला काय समजणार.

लेस्टरचा_पाहुणा

अजून एक, डिसेंबरात पुण्याला जायचंय, सोबत नेता येईल का?

वाफाळता_चहा

नका नेऊ. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवणूक सगळ्यालाच बंदी आहे. आयात-विक्रीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथं असेपर्यंत निकोटिनचं च्युइंगम चघळा, केमिस्टकडं मिळतं. तुमच्या तिकडच्या स्टॉप स्मोकिंगवाल्यांना किती मिलीग्रॅमचं घ्यायचं ते निघायच्या आधी विचारा.

लेस्टरचा_पाहुणा

अपडेट. आठ दिवस झाले, गुळगुळ नाही, थेंब नाही, कॉइल तीच. पट्टी अर्ध्याहून जरा कमी उघडी बरोबर बसतेय, डावा हात. डिकीतलं पाकीट बायकोला सापडलं, त्यावर इथं काही लिहीत नाही. पट्टी खिशात सरकली तर जागा कळावी म्हणून तिथं तिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, न विचारता.