कारखाना बंद पडल्यावरची डॉक्युमेंटरी बघितली, बाबांना बोलतं कसं करू?

मच्छेचा_पोरगा:
परवा रात्री 'द लास्ट ट्रक' बघितली, ४० मिनिटांचीच आहे पण नंतर झोप लागली नाही. अमेरिकेत ओहायोत डेटनजवळ मोरेन म्हणून गाव आहे, तिथला जनरल मोटर्सचा प्लांट २३ डिसेंबर २००८ ला बंद झाला, म्हणजे नाताळ दोन दिवसांवर आणि माणसं घरी. आमचे बाबा बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, २२ वर्षं मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) होते, ती बंद पडली तेव्हा मी सातवीत, घरात कोण काही बोललंच नाही. आता त्यांचं सगळं रेकॉर्ड करून ठेवावं वाटालंय पण विषय काढला की उठून जातात. कुणी केलंय काय असं?

खानापूर_लोकल:
त्या फिल्मवाल्यांना पण कंपनीनं आत सोडलं नव्हतं, कामगारांनीच छोटे कॅमेरे आत नेले आणि शूटिंग केलं, म्हणून ती इतकी आपली वाटते. मोबाईल तोंडासमोर धरू नका. आणि आईला पण विचारा, आमच्या गल्लीत कारखाना गेल्यावर पहिली भिशी मोडली, मग दुकानदारानं उधारी थांबवली, मग पोरींची कॉलेजं सुटली, हे सगळं बायकांनाच तारीखवार आठवतंय.

जुना_फिटर:
त्याच दोघा दिग्दर्शकांची, बोगनार आणि रायकर्टची, 'अमेरिकन फॅक्टरी' पण बघा, २०१९ ची, ऑस्कर मिळालंय. त्याच इमारतीत काचेची चिनी कंपनी येते, एक बाई सांगते की जनरल मोटर्समध्ये तासाला २९ डॉलरच्या वर मिळायचे आणि इथं १२.८४. मला ते ऐकून गलबलून आलं कारण आमच्या शेडवर पण वर्षभरानं दुसरा बोर्ड लागला, मशिनं तीच, आम्हालाच बोलावलं पण कंत्राटदाराच्या हाताखाली, २० वर्षांची सर्व्हिस शून्य. बाबांना बंद कसं पडलं ते विचारू नका हो. काम कसं करायचे ते विचारा.

मच्छेचा_पोरगा:
फिटरकाका, काल जेवण झाल्यावर सहज विचारलं की बाबा, वाळूत ओल बरोबर आहे हे कसं कळायचं. अंगणात गेले, कुंडीतली माती ओली करून मुठीत दाबली, मधून मोडली आणि म्हणाले, बघ, कडा अशी स्वच्छ तुटली पाहिजे, ढासळली तर कास्टिंग गेलं. मग दीड तास बोलत होते. भट्टीपर्यंत आलोय, पुढचं उद्या.